बँकेचं लाइट बिल आणि आमचं

प्रति,
मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक,
मुंबई

महोदय,



१३ फेब्रुवारी २०२५ रोजी न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घालताना आपल्या बँकेने जे प्रसिद्धिपत्रक काढलं, त्यातल्या दोन वाक्यांबद्दल हे पत्र आहे. पहिलं वाक्य ठेवीदारांविषयी होतं: बँकेकडची रोख स्थिती पाहता बचत, चालू किंवा इतर कोणत्याही खात्यातून काहीही रक्कम काढू देऊ नये. त्याच्या पाठोपाठ बँकेविषयीचं वाक्य होतं: कर्मचाऱ्यांचे पगार, भाडं, विजेची बिलं अशा काही आवश्यक बाबींवर बँकेला खर्च करता येईल.

दुसऱ्या वाक्यावर माझा आक्षेप नाही. शाखेतले दिवे गेले तर आम्ही जाब विचारायला जायचं कुठे? काउंटरमागे बसून दिवसभर लोकांचे शब्द झेलणाऱ्या मुलीचा पगार अडवावा, असंही कुणी म्हणणार नाही. पण ते वाक्य ज्याने लिहिलं त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती, की व्यवहार थांबवले तरी विजेचं मीटर फिरत राहतं, घरमालकाला भाडं लागतं आणि पगारावर घरं चालतात. बँकेच्या बाबतीत जे सुचलं ते ठेवीदाराच्या बाबतीत का सुचलं नाही, एवढंच मला विचारायचं आहे.

मी अर्थतज्ज्ञ नाही. मुंबईच्या उपनगरातल्या एका गृहनिर्माण संस्थेची खजिनदार आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीचं खातं असलेल्या सहकारी बँकेवरही असेच निर्बंध आले होते. तिचं नाव इथे काढत नाही, कारण हे पत्र तिच्या तक्रारीचं नाही. शाखा रस्त्यापलीकडेच असल्याने आमच्या इमारतीतली कितीतरी घरंही तिचीच खातेदार होती. मॅनेजर नावाने ओळखायचे, पासबुक भरून द्यायला नाही म्हणायचे नाहीत, आणि एफडीवर मोठ्या बँकेपेक्षा थोडं जास्त व्याज मिळायचं. माणसं अशाच कारणांनी बँक निवडतात. निर्बंधांची बातमी आली तेव्हा, मी खजिनदार म्हणजे मला काहीतरी माहीत असणार, अशा समजुतीने शेजारी आपापली बिलं घेऊन माझ्या जेवणाच्या टेबलाशी येऊन बसू लागले. मला काहीच माहीत नव्हतं. पण त्या टेबलावर जे पाहिलं ते आपल्या कार्यालयात कुठल्या तक्त्यात येत नसावं, म्हणून लिहिते.

आधी मर्यादेच्या आकड्याविषयी. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह, म्हणजे पीएमसी बँकेच्या खातेदाराला आपण सहा महिन्यांत मिळून १००० रुपये काढायची परवानगी दिली होती. दोन-तीन दिवसांत त्याचे १०,००० झाले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला २५,०००, मग ४०,०००, नोव्हेंबरमध्ये ५०,०००, आणि पुढल्या जूनमध्ये एक लाख. ही चढती भाजणी पाहिली की कळतं, पहिल्या दिवशीचा आकडा कुणाच्या घरखर्चावरून काढलेला नव्हता. तिजोरीत किती आहे आणि दाराशी किती जण येतील, यावरून तो निघाला होता. न्यू इंडियाच्या वेळी आधी शून्य आणि मग २७ फेब्रुवारीपासून २५,००० रुपये असं ठरलं, आणि त्यामुळे निम्म्याहून अधिक ठेवीदारांना आपली पूर्ण शिल्लक काढता येईल, असं आपण सांगितलंत. ते खरंच असणार. पण ती मोजणी खात्यांची आहे, घरांची नव्हे. वर्षानुवर्षं सातशे रुपये पडून असलेलं खातं आणि ज्यावर अख्खं घर चालतं ते खातं, दोन्ही त्यात एकेकच धरली जातात. ज्याचं सगळं त्या एकाच बँकेत आहे, तो माणूस नेमका उरलेल्या निम्म्यात असतो.

बाहेरून पाहणाऱ्याला हे संकट रकमेचं वाटतं. टेबलाशी बसल्यावर ते तारखांचं निघालं. दुसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त काका, पेन्शन त्याच खात्यात, आयुष्याची एफडी त्याच शाखेत. त्यांच्याकडे पुष्कळ पैसा होता, फक्त येत्या आठवड्यात नव्हता. मेडिक्लेमच्या नूतनीकरणाची तारीख मात्र त्याच आठवड्यातली. वर एक तरुण जोडपं. त्यांचं गृहकर्ज एका मोठ्या बँकेचं, पण हप्ता कापला जायचा या खात्यातून. पाच तारखेला ईसीएस बाउन्स झाला (त्याचं नाव कधीच बदललं, पण आमच्याकडे अजून ईसीएसच म्हणतात). कर्ज देणाऱ्या बँकेने दंड लावला, दंडावर जीएसटी लावला, आणि हप्ता चुकल्याची नोंद त्यांच्या पत इतिहासात गेली. खात्यात चार हप्त्यांचे पैसे पडून होते. हप्ता चुकवणारे ते नव्हतेच. पण संगणकाला ‘पैसे नाहीत’ आणि ‘पैसे आहेत पण देऊ दिले जात नाहीत’ यांतला फरक सांगणारी सोय नव्हती.

आणि ज्यांचं कर्ज त्याच बँकेचं होतं, त्यांची वसुली थांबत नाही, हप्ता भरावाच लागतो. काही अटींवर ठेव कर्जात वळती करून घ्यायची मुभा असते, ती चांगलीच आहे. तिचा उपयोग कर्ज आणि ठेव एकाच ठिकाणी असलेल्यांना.

बिलं पसरून बसलं की पहिला प्रश्न येतो, आधी कुठलं भरायचं. याचं उत्तर बहुतेकांकडे चुकीचं होतं, आणि त्यात त्यांचा दोष नाही. जो सर्वांत जोरात मागतो त्याला आपण आधी देतो. वसुलीवाल्याचा फोन सकाळी आठला येतो, म्हणून क्रेडिट कार्ड आधी. मेडिक्लेमच्या कंपनीचा नुसता एसएमएस येतो, म्हणून तो मागे. वास्तविक कार्डाचं बिल उशिरा भरलं तर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज आणि मनस्ताप होतो, पण ते पुढे भरून निघतं. सवलतीचे दिवस उलटून मेडिक्लेम तुटला, तर आधीच्या आजारांसाठी काढलेली प्रतीक्षेची वर्षं वाया जातात. सत्तरीच्या, मधुमेह असलेल्या माणसाला नवी पॉलिसी कोण देणार, आणि कितीला? त्या काकांचा हप्ता त्यांच्या मुलीने पुण्याहून भरला. एरवी तिच्याकडून पैसे घ्यायला ते कधी तयार झाले नसते.

उलट एलआयसीचा हप्ता मासिक असेल तर १५ दिवस आणि तिमाही, सहामाही किंवा वार्षिक असेल तर साधारण महिनाभर सवलत असते, आणि बंद पडलेली पॉलिसी पुन्हा सुरू करता येते. विजेच्या बिलावरची शेवटची तारीख ही जोडणी तोडायची तारीख नसते. वीज कायद्याच्या ५६व्या कलमाप्रमाणे त्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. हे कळल्यावर एका घरात दोन आठवड्यांची सवड मिळाली आणि त्या पैशांत औषधं आली. माझ्या टेबलावर हळूहळू असा क्रम बसला: औषधं आणि मेडिक्लेम, मग घरभाडं, शाळेची फी विनंती करून दोन हप्त्यांत, लाइट बिल नोटिशीच्या आत, कार्डाची निदान किमान रक्कम, आणि नव्या टीव्हीचा हप्ता सगळ्यांत शेवटी. गृहकर्जाच्या बँकेला बाउन्स व्हायच्या आधी लेखी कळवायचं, दुसऱ्या खात्यावरून मँडेट द्यायचं, आणि पोच मागून घ्यायची. पोचेचा कागद पुढे कामाला येतो.

एका गोष्टीवर मात्र माझं काही घरांशी भांडण झालं. घरकामाच्या मावशींचा पगार शेवटी ठेवायचा मोह जवळजवळ प्रत्येकाला झाला, कारण त्या दंड लावत नाहीत आणि त्यांना समजावता येतं. त्यांच्या महिन्यात आपल्याएवढी ढील नसते, हे लक्षात आणून द्यावं लागलं. किराणावाल्याने वहीवर माल दिला, दूधवाला पुढच्या महिन्यापर्यंत थांबला. थांबायची ताकद कुणाकडे किती आहे, हे अशा वेळी फार स्वच्छ दिसतं.

पैसे आले कुठून? सोन्यातून. निर्बंध असले तरी लॉकर उघडता येत होता. बायकांनी पाटल्या, साखळ्या काढल्या आणि तारण ठेवल्या. स्वतःचे पैसे बचत खात्यात तीन-साडेतीन टक्क्यांनी अडकलेले, आणि लाइट बिल भरण्यासाठी दहा-बारा टक्क्यांनी सोनेतारण कर्ज, असा तो हिशेब. काहींनी एलआयसीच्या पॉलिसीवर कर्ज काढलं, एकाने पीएफमधून उचल घेतली. भिशी ज्या घरात आधी लागली तिथे थोडा श्वास मिळाला. पैसे एकाच बँकेत ठेवू नयेत, एक खातं पोस्टात असावं, हे शहाणपण तोपर्यंत सगळ्यांना आलं होतं, आणि आता आमच्या इमारतीत बहुतेकांची दोन खाती आहेत. पण ज्या घरात एकच पगार येतो आणि वीस तारखेपर्यंत संपतो, त्याने दोन बँकांत विभागायचं काय? आज तर आधारला जोडलेलं खातं तेच असलं तर लाडकी बहीण योजनेचे १५०० रुपयेही तिथेच जाणार.

आपल्याकडून काही झालं नाही असं मी म्हणत नाही. पुण्याच्या रुपी बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये परवाना रद्द झाला. त्या नऊ वर्षांत लोक म्हातारे झाले. त्या मानाने आता पुष्कळ बरं आहे. ठेव विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखाची पाच लाख झाली, आणि २०२१च्या दुरुस्तीमुळे निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम हाती येण्याची सोय झाली. विलीनीकरणाची तजवीज चालू असेल तर ही मुदत आणखी ९० दिवस वाढू शकते. आपल्या दृष्टीने ही गती मोठीच आहे. पण ९० दिवसांत तीन वेळा एक तारीख येते, आणि मुदत वाढली तर सहा वेळा.

पीएमसीच्या वेळी वैद्यकीय अडचणीसाठी प्रशासकाकडे अर्ज करून एक लाखापर्यंत रक्कम काढता येईल, असं आपण मुंबई उच्च न्यायालयात सांगितलं होतं. म्हणजे अपवाद करता येतो. पण तो मिळवण्यासाठी आधी आजारी पडावं लागतं, मग त्याचे कागद जमवावे लागतात, आणि मग रांगेत उभं राहावं लागतं. लाइट बिलाला आपत्ती म्हणून अर्ज कसा करणार?

माझी सूचना साधी आहे, आणि तिच्यासाठी नवं काही उभारायची गरज नाही. भारत बिल पेमेंट ही व्यवस्था आपल्याच देखरेखीखाली चालते. वीज, गॅस, पाणी इथपासून सुरुवात करून १६ सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने आपण ती नियमित येणाऱ्या जवळपास सगळ्या बिलांना खुली केलीत. पीएमसीवरचे निर्बंध त्यानंतर आठवडाभरातच आले. आज तिच्यावर शाळेची फी, विम्याचा हप्ता, कर्जाचा हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स, सगळं भरता येतं. निर्बंध घालताना रोख काढण्यावर बंदी जरूर घाला, पण त्या व्यवस्थेतून थेट बिल देणाऱ्याच्या खात्यात जाणारी रक्कम, एका मासिक मर्यादेत, चालू ठेवा. पैसा महावितरणकडे गेला, शाळेकडे गेला. कुणी पिशवी भरून घेऊन गेला नाही, शाखेसमोर झुंबड उडाली नाही.

यावर आपले अधिकारी काय म्हणतील याचा मला थोडा अंदाज आहे. काही ठेवीदारांना आधी दिलं तर बाकीच्यांवर अन्याय होतो, असं ते म्हणतील. म्हणून ही रक्कम त्या खातेदाराच्या विम्याच्या पाच लाखांतूनच वजा व्हावी. त्याला मिळणार होतं त्यातलंच थोडं आधी मिळालं, कुणाच्या वाट्यातून काही गेलं नाही. बँकेत पैसाच नसेल तर? नागरी सहकारी बँकेला ठेवींच्या १८ टक्के रक्कम एसएलआरपोटी, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या रोखतेसाठी, ठेवावी लागते आणि त्यातली बरीचशी सरकारी रोख्यांत असते. ज्या बँकेत तीही उरली नसेल तिथे ठेव विमा महामंडळाने आगाऊ रक्कम द्यावी. त्यांना ती नव्वदाव्या दिवशी द्यायचीच आहे. गैरवापराचं म्हणाल, तर खोट्या नावाने मेडिक्लेमचा हप्ता भरून कुणाला काय मिळणार? पीएमसीत एचडीआयएल या बांधकाम कंपनीची कर्जं लपवण्यासाठी एकवीस हजारांवर बनावट खाती उघडली गेली, आणि ती कुणाच्या घरगुती बिलांच्या आडून उघडलेली नव्हती.

बाउन्स झालेल्या हप्त्यांबाबत तर पैशांचाही प्रश्न नाही. निर्बंधांमुळे परत आलेल्या ऑटो-डेबिटला वेगळी खूण असावी, तिच्यावर कुठल्याही बँकेने दंड लावू नये, आणि पतमापन कंपन्यांकडे ती थकबाकी म्हणून जाऊ नये. आपण २७ मार्च २०२० रोजी देशभरातल्या कर्जदारांना तीन महिने हप्ते थांबवायची सवलत जाहीर केलीत, पुढे ती ऑगस्टअखेरपर्यंत वाढवलीत, आणि त्या काळातल्या न भरलेल्या हप्त्यांमुळे कुणाची पत बिघडणार नाही असं सांगितलंत. अख्ख्या देशासाठी जे झालं ते एका बँकेच्या ठेवीदारांसाठी अवघड असू नये.

आता माझ्या स्वतःच्या खात्याचं, म्हणजे सोसायटीचं. सहकार कायद्याच्या ७०व्या कलमाने संस्थांचा निधी कुठे गुंतवायचा ते ठरवून दिलंय, आणि परंपरेने आम्ही तो सहकारी बँकांतच ठेवत आलो. साठ-सत्तर कुटुंबांनी वर्षानुवर्षं भरलेला सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधी विम्याच्या दृष्टीने एकाच ठेवीदाराचा असतो. चाळीस लाख असले तरी हमी पाच लाखांची. पीएमसी जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, तेव्हा संस्थात्मक ठेवीदारांच्या विम्यापलीकडच्या ठेवींपैकी ८० टक्के रकमेचे प्रेफरन्स शेअर झाले. लिफ्टवाला प्रेफरन्स शेअर घेत नाही. आमच्या इमारतीत त्या काळात पाण्याचा पंप जळाला, तेव्हा घरटी वर्गणी काढावी लागली, आणि ज्यांचे स्वतःचेही पैसे त्याच बँकेत अडकले होते त्यांना तिची दुहेरी झळ बसली. गृहनिर्माण संस्थेच्या ठेवीला सभासदसंख्येच्या हिशेबाने विमा द्यायचा तर कायद्यात दुरुस्ती लागेल, ते आपल्या एकट्याच्या हातात नाही. निदान सरकारकडे तशी शिफारस करावी. तोपर्यंत संस्थेचं वीज बिल, पाणीपट्टी आणि वॉचमनचा पगार वरच्या यादीत बसवावा.

पुढच्या वेळी एखाद्या बँकेवर निर्बंध घालायची वेळ आली, तर प्रसिद्धिपत्रकातलं ते वाक्य असं लिहिता येईल:

‘बँकेला कर्मचाऱ्यांचे पगार, भाडे, वीजबिले इत्यादी आवश्यक बाबींवर खर्च करता येईल. तसेच ठेवीदाराच्या सूचनेनुसार त्याच्या खात्यातून वीज, गॅस, पाणी, घरभाडे, शिक्षण, रुग्णालय, विमा, कर्जहप्ता व गृहनिर्माण संस्थेची वर्गणी यांची देयके, मासिक मर्यादेपर्यंत, थेट संबंधितांच्या खात्यात भरता येतील. ही रक्कम ठेव विम्याच्या दाव्यातून वजा केली जाईल.’

मासिक मर्यादा किती, हे ठरवायला समिती नेमावी लागणार नाही. गेल्या सहा महिन्यांत त्या खात्यातून कुठली बिलं कितीची गेली, हे त्या बँकेच्याच संगणकात असतं. त्याची सरासरी हीच त्या घराची मर्यादा. बिलं नव्याने येणारी असतील, म्हणजे रुग्णालयाचं किंवा प्रवेशाच्या फीचं, तर तेवढ्यासाठी अर्ज घ्यावा आणि तो शाखेतच निकाली काढावा, प्रशासकापर्यंत पाठवू नये.

कळावे,

आपली विश्वासू,
एका गृहनिर्माण संस्थेची खजिनदार